म्हैस आडवी आली नव्हती

कोल्हापूर,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

चि. अमर,
अनेक आशीर्वाद.

गुरुवारी फोन मी बंद केला, तू नाही. तेव्हापासून तीनदा हातात घेतला आणि परत ठेवला. फोनवर आधी माझा आवाज चढतो, मग तुझा, आणि मध्ये सूनबाई हरप्रीत बिचारी "मम्मीजी, मम्मीजी" करत राहते. म्हणून लिहायला बसले. शेजारचा ओंकार पानांचे फोटो काढून पाठवील. चालत्या गाडीत वाचू नकोस. कुठं थांबलास, पोटात काही गेलं, की मग वाच.

आधी एक सांगते. हरप्रीतनं चहाडी केली नाही. थंडी पडली का, असं मीच विचारलं. ती हसत हसत सांगायला लागली की बुधवारी पहाटे तुमच्या कॅनडातल्या त्या वावा गावाच्या पुढं ती ट्रकच्या मागच्या बंकवर, म्हणजे झोपायच्या फळीवर, झोपली होती आणि खडीच्या आवाजानं जागी झाली. उजवीकडची चाकं साईडपट्टीच्या खडीत उतरली होती, तू गाडी परत वर घेतलीस, बास. तिच्या हातून तू फोन घेतलास आणि म्हणालास, "काही नाही आई, मूस आडवा आला." मूस म्हणजे तिकडचं ते सांबरासारखं थोरलं जनावर. मागून ती म्हणाली, "कौनसा मूस?"

एवढंच झालं. मग तू तिच्यावर ओरडलास, मी तुझ्यावर, आणि तू म्हणालास, "तुम्ही दोघांनी तरी काय केलंत? मला आजीपाशी टाकून जन्मभर गाडीतच होतात की."

त्या वाक्यावर येते नंतर. आधी झोपेचं बोलू दे.

बुधवारी आपल्याकडं त्रिपुरी पौर्णिमा होती. पहाटे तीनला उठून मी पंचगंगेच्या घाटावर पणत्या लावायला गेले होते, मालूकाकू बरोबर होती. दुपारी अंग मोडून आलं म्हणून जरा आडवी झाले आणि चांगली दोन तास झोपले. तुझी पहाट म्हणजे आमची दुपार. म्हणजे तुझी चाकं खडीत उतरली तेव्हा मी इथं झोपले होते. गुरुवारपासून हेच डोक्यात फिरतंय. यात माझा काही दोष नाही हे कळतं, तरी फिरतंय.

हरप्रीतनं आणखी एक सांगितलं, ते तुला ठाऊक नसेल. शनिवारी तुमच्या मोटारसायकलवाल्या दोस्तांनी सीझन संपला म्हणून जमवाजमव केली होती. आता एप्रिलपर्यंत गाड्या ताडपत्रीखाली जाणार. रात्री तीनपर्यंत शेकोटी पेटवून बसला होतात. रविवारी दिवसभर पाहुणे, आणि सोमवारी संध्याकाळी माल भरून कॅलगरीला निघालात. हे ऐकलं आणि माझ्या पोटात गोळा आला. मजा केलीत याचं मला वाईट नाही वाटलं रे. मजेचं मला कधीच वाईट वाटलं नाही. पण ही गोष्ट मी आधी एकदा जगलेय. शनिवार, रविवार, सोमवार, अगदी तसंच.

जून महिन्यात तू त्या पोर्ट डोव्हरचे फोटो पाठवले होतेस. तेरा तारखेला शुक्रवार आला की त्या तळ्याकाठच्या गावात मोटारसायकली जमतात, १९८१ पासून चालू आहे म्हणालास. आबांनी फोटो मोठा करून करून बघितला. त्या सगळ्या हार्लेंत एक जावा कुठं दिसते का, हे शोधत होते. हरप्रीत तुझ्या मागं न बसता तिच्या स्वतःच्या गाडीवर होती हे त्यांनी दोन दिवसांनी पाहिलं आणि मला हाक मारून दाखवलं. "सुमे, बघ, पोरगी स्वतः चालवतीया." मग गप्प बसून राहिले. डोळे पुसले हे मी पाहिलं, पण तसं दाखवलं नाही.

आमचे दिवस तू पाहिलेस, पण लहानपणी पाहिलेस. तुला आपल्या येझदी मोटारसायकलीचा धूर आणि काकवी एवढंच आठवत असेल. आठ गाड्या होत्या. बाळू मिस्त्री, नसीरभाई, शिरपतीभाऊ, देसाई मास्तर, आणि बाकीचे आले-गेले. आपली येझदी रोडकिंग १९८४ सालची, आबांनी देसाई मास्तरांच्या मेव्हण्याकडनं घेतलेली. पेट्रोलमध्ये ऑईल मिसळायचं, दोन्ही सायलेन्सरमधनं निळा धूर निघायचा, आणि डावीकडची ती एकच दांडी, वर फिरवली की किक, खाली आणली की गिअर. म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला तेव्हा नसीरभाई घरातलं कुणी गेल्यासारखे दोन दिवस गॅरेज उघडायला गेले नाहीत. आता बाजारात नवी येझदी आलीय, २०२२ पासून. आबा शोरूममध्ये जाऊन बसून आले. म्हणाले, चांगली आहे. परत गेले नाहीत.

पावसाळ्यात आंबोली, गगनबावडा. उन्हाळ्यात फोंडा घाट उतरून मालवण. थंडीत शिरपतीभाऊंचं गुऱ्हाळ. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जगभरचे जावा-येझदीवाले आपापल्या गावी जमतात, तो दिवस आपल्याकडं पाळायला लागले ते फार पुढं. आम्हाला दिवस लागायचा नाही. आबा ट्रक घेऊन चेन्नईहून रिकामे-भरलेले कसेही आले, अंघोळ केली, की संध्याकाळी बाळू मिस्त्रीच्या दारात येझदीचा आवाज. मीही तशीच. आठ दिवस ट्रकच्या केबिनमध्ये बसून आलेली बाई परत दोन चाकांवर बसून पन्हाळ्याला निघायची. तुझी आजी म्हणायची, या दोघांना जमीन लागत नाही पायाला. खरं होतं ते.

पण त्या आठ गाड्यांनीच आपलं घर उभं ठेवलं, हे तू विसरू नकोस. दुसरीत असताना तुला ताप चढला आणि आम्ही दावणगिरीत अडकलो होतो, तेव्हा रात्री साडेअकराला नसीरभाईंनी तुला पुढं टाकीवर बसवून डॉक्टरकडं नेलं. त्यांच्या रुक्सानानं तुझ्यापाशी तीन रात्री काढल्या. गाडीचा हप्ता थकला तेव्हा फायनान्सची माणसं दारात आली, तर शिरपतीभाऊंनी गुळाचे आलेले पैसे आणून दिले. कागद नाही, काही नाही. तू म्हणतोस, इथं दोस्त आहेत म्हणून जगतो. मला पटतं. तुमच्या त्या शेकोटीवाल्यांना माझा नमस्कार सांग. पण त्यांना एक सांग बाबा, शेकोटी झाली की पुढची एक रात्र तुम्हाला झोपायला द्यायची. ज्या हातांनी मोटारसायकल चालवली त्याच हातांनी लगेच ट्रक धरायचा नाही.

झालं, आले परत तिथंच. हे लिहायचं नाही असं ठरवून बसले होते.

आता ते वाक्य. आजीपाशी टाकलं म्हणालास.

टाकलं नव्हतं. पण ठेवलं होतं, हे खरं आहे. १९९७ ला ट्रक घेतला तेव्हा तू पाच वर्षांचा होतास, शाळेत घातला होता. क्लीनर टिकत नव्हते, दर दोन महिन्यांनी नवा पोरगा, आणि पगारही परवडत नव्हता. आबांना दोन पोरं अशी मिळाली की गाडी चालू झाली की आबांच्या आधी तीच झोपायची. मग मी म्हटलं, मी येते. लोकांनी नावं ठेवली. बाईमाणूस ट्रकमध्ये, ढाब्यावर, ट्रान्सपोर्टच्या ऑफिसबाहेर. तुझ्या आत्यानं सहा महिने बोलणं टाकलं. आजीनं मात्र एवढंच विचारलं, "तू जागी राहशील का त्याच्याबरोबर?" मी हो म्हटलं. तेवढंच काम होतं माझं. जागं राहायचं.

कसं राहायचे सांगू? शिरोलीच्या फौंड्रीतनं कास्टिंग भरायचं, ताडपत्री ओढायची, दोर आवळायचे, आणि दिवे लागणीला निघायचं. कागल, निपाणी, तवंदीचा घाट, संकेश्वर, बेळगाव. हुबळीपर्यंत काही वाटायचं नाही. राणेबेन्नूरच्या पुढं डोळे जड व्हायचे. मग मी बोलत राहायची. आधी नातेवाईक संपायचे, मग शेजारी संपायचे. मग माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या. मग समोरून येणाऱ्या गाड्यांचे नंबर, आकडे वाचायचे, बेरीज करायची, आबांनी बरोबर की चूक ते सांगायचं. केए, टीएन, एपी. शेवटी रस्त्याकडच्या दगडांवरची नावं. त्यातनंच मी कानडी वाचायला शिकले. पहिलं अक्षर 'शि' शिकले, शिरा गावाचं. आजही बेळगावला गेले की दुकानांच्या पाट्या वाचते आणि मालूकाकू तोंडाकडं बघत राहते.

दोन पदरी रस्ता होता तेव्हा. चौपदरी झाला तो वाजपेयींच्या काळात सुरू झालेल्या त्या सुवर्ण चतुष्कोनात. कोल्हापूर ते चेन्नई साडेनऊशे किलोमीटर, समोरून येणाऱ्याचा दिवा थेट डोळ्यांत. राज्याच्या प्रत्येक सीमेवर कागद दाखवायला रांग. सगळे शिव्या द्यायचे त्या नाक्यांना. पण तुला सांगते, त्या रांगांनी आम्हाला झोप दिली. आबा स्टीअरिंगवर डोकं टेकायचे आणि पुढची गाडी हलली की मी खांदा हलवायची. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला, नाके उठले, सगळ्यांनी पेढे वाटले. मलाही आनंद झाला. पण पहिल्याच खेपेला लक्षात आलं की आता थांबायला कुणी लावत नाही. थांबायचं ते आपणच ठरवायचं. आणि ज्याच्यावर हप्ता असतो तो थांबत नाही. कायद्यात तर १९६१ पासून लिहिलंय म्हणे, ड्रायव्हरकडनं दिवसाला आठ तास, पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती. आबा मालकही आणि ड्रायव्हरही, त्यांना कोण सांगणार होतं.

तुमच्याकडं ते यंत्र आहे गाडीत, तास मोजणारं. तेरा तासांच्या वर चालवता येत नाही, पाळी संपली की बदलावंच लागतं, हे तू मला दोनदा समजावलंस. मला आवडलं ते. पण ते यंत्र चालवलेले तास मोजतं. शनिवारी रात्री तू किती झोपलास हे त्याला कुठं ठाऊक? आणि हरप्रीत मागं बंकवर, तू पुढं, मध्ये पडदा. ती झोपलीच पाहिजे, तिची पाळी पुढं असते, तिला उठवू नकोस. पण मग रात्री दोन ते पाच तुझ्याशी बोलतं कोण, अमर? एवढंच मला विचारायचं होतं गुरुवारी. ओरडायला लागले आणि विचारायचं राहिलं.

रात्री ढाब्यावर एसटीडी बूथ असायचे. अकरानंतर दर कमी व्हायचा, म्हणून आम्ही अकरानंतर फोन लावायचो. तू झोपलेला असायचास. आजी तुला उठवायची नाही, आणि मी तिला उठव म्हणायची नाही. ती सांगायची, भात खाल्ला, गणितात एवढे मिळाले, मास्तरांनी शाबासकी दिली. रिसीव्हर कानाशी धरून मी फक्त तुझं घोरणं ऐकू येतं का ते बघायची. आजीचा पलंग फोनच्या शेजारीच होता ना. गाडीच्या कपाळावर तुझं नाव रंगवून घेतलं होतं, लाल अक्षरं, पिवळी किनार. तुझं नाव चेन्नईपर्यंत गेलं, इंदूरला गेलं, एकदा फरीदाबादला गेलं, आणि तू शाळेत होतास. हे मी बोलून दाखवत नाही, पण ते वाक्य तू बोललास तेव्हा मला काही नवीन कळलं असं नाही. मला ते माहीत होतं. तू रागावलास ते बरोबर आहे. तिथं मी काही सफाई देणार नाही.

आता मूसचं.

तुला आमची म्हैस ठाऊक आहे. फेब्रुवारी १९९९. आबांचा डावा पाय. लहानपणी तू सगळ्यांना सांगत फिरायचास, म्हैस आडवी आली आणि आबांनी तिला वाचवलं. शाळेत निबंधसुद्धा लिहिलास, मास्तरांनी वर्गात वाचून दाखवला होता. तो कागद मी ठेवला नाही. तू कितीदा विचारलंस, कुठं गेला. मी फाडला.

म्हैस आडवी आली नव्हती, अमर.

त्या शनिवारी शिरपतीभाऊंच्या गुऱ्हाळावर जमलो होतो. कढईतला रस, ताजा गूळ, नसीरभाईंनी कुठनं तरी आणलेला टेपरेकॉर्डर. पहाटेपर्यंत बसलो. रविवारी बाळू मिस्त्रीच्या पोराचं बारसं. सोमवारी दुपारी ट्रान्सपोर्टवाल्याचा निरोप आला, चेन्नईचा माल, बुधवारी सकाळी पोचला पाहिजे, नाही पोचला तर भाडं कापणार. नऊ टनांची पासिंग, त्यावर बारा टन भरलं. निघालो. मी बोलत होते. हिरियूर मागं गेलं तेव्हा बोलत होते हे मला पक्कं आठवतं. पुढं एका दगडावर 'शि' वाचलं. त्याच्या पुढचं मला काही आठवत नाही.

मी झोपले. मी झोपले म्हणून आबा झोपले. ते म्हणतात, असं नाही, मी आधी डोळा लावला असेन. पण माझं काम मला ठाऊक होतं.

जाग आली ती भुईमुगाच्या रानात. गाडी चिंचेच्या झाडाला हातभर चुकवून खाली उतरली होती. मागचं कास्टिंग पुढं सरकून हौद्याची पुढची फळी फोडून केबिनला टेकलं होतं. आणखी वीतभर आलं असतं तर हे पत्र कुणी लिहिलं नसतं. आबांचा डावा पाय क्लचच्या खाली अडकलेला. अंधारात पहिला शब्द त्यांनी बोलला तो, "सुमे, लागलं का?" मला मनगटाला लागलं होतं, बाकी काही नाही. दहा मिनिटांत शेजारच्या वस्तीवरची माणसं कंदील घेऊन आली. त्यांना काही कळेना, आम्हाला त्यांचं कळेना. आणि आबा, पाय अडकलेला, घामानं भिजलेले, त्या माणसांना म्हणाले, "एम्मे, एम्मे." कानडीत म्हैस. हा शब्द मीच त्यांना शिकवला होता, दोन महिन्यांपूर्वी, जागं राहायला.

त्या माणसांनी इकडं तिकडं पाहिलं. कुणाची म्हैस सुटलेली नव्हती. तरी ती काही बोलली नाहीत. एका म्हातारीनं मला घरात नेलं, नाचणीचा उंडा आणि सार वाढलं, माझं मनगट फडक्यानं बांधलं. आबांना पुढं दवाखान्यात नेलं ते त्याच लोकांनी, ट्रॅक्टरमधनं.

म्हैस कशाला आणली, असं मी त्यांना पुढं विचारलं. ते म्हणाले, "आईला कळलं असतं तू झोपली होतीस, तर तिनं तुला परत गाडीत बसू दिलं नसतं. मग मी एकटा काय केलं असतं?" त्यांनी माझ्यासाठी खोटं बोललं, आणि मी सव्वीस वर्षं ते खाल्लं. आजी गेली तरी सांगितलं नाही. तुला आज सांगते आहे, आबांना विचारून सांगते आहे. ते म्हणाले, लिही.

पाय जुळला पण वाकडा. येझदीची किक डाव्या बाजूला. दोन वर्षं त्यांना मारता आली नाही. मी मारायची. साडी खोचून, चप्पल काढून, दांडी वर फिरवून, पूर्ण वजन टाकायचं. तिसऱ्या किकला सुरू व्हायची. मग मी मागं बसायची आणि ते चालवायचे. आंबोलीच्या वळणावर गाडी बंद पडली की सगळे थांबायचे, मी खाली उतरायची, किक मारायची, परत बसायची. कुणी एक शब्द बोललं नाही कधी. त्या लोकांना म्हैस खरी वाटली होती का, देव जाणे. नसीरभाईंना नसावी वाटली. त्यानंतर दोन वर्षं गुऱ्हाळावर रात्रीचं कुणी बोलावलं नाही, सगळं दुपारी करायला लागले. का, ते कुणी सांगितलं नाही.

म्हणून गुरुवारी तू मूस म्हणालास तेव्हा मला तुझा राग नाही आला. मी घाबरले. तुझ्या तोंडात आमची म्हैस कशी आली असं वाटलं. तू कुणासाठी आणलास तो मूस? माझ्यासाठी असेल तर नको. हरप्रीतच्या पप्पांसाठी असेल, ते माल देतात म्हणून, तर त्यांनाही खरं सांग. ते स्वतः चाळीस वर्षं गाडीवर होते, लुधियानाहून कोलकात्याला जायचे, त्यांना ह्याच्यातलं सगळं कळतं. आणि हरप्रीतला तर पहिल्यांदा सांग. तुझ्या झोपेचं तिला माहीत नसेल तर ती मागं कशी झोपेल?

मी परत उपदेश करायला लागले. क्षमा कर. तू तेहतीस वर्षांचा आहेस. तिकडं जाऊन, सगळं शून्यातनं, साडेएकशेतीन तासांचं ते शिक्षण घेऊन, बर्फात परीक्षा देऊन तू लायसन काढलंस. तुझ्या वर्गात मराठी बोलणारा तू एकटाच होतास. साडेतीन हजार किलोमीटर म्हणजे माझ्या हिशोबानं कोल्हापूर-चेन्नई जाऊन, येऊन, परत जाऊन, आणि वर आणखी साडेसहाशे. एवढं तू एका खेपेला करतोस. वावाच्या त्या मोठ्या रानहंसाच्या पुतळ्याखाली तुम्हा दोघांचा फोटो आहे ना, तो आबांनी फ्रेम करून जोतिबाच्या शेजारी लावलाय. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, हा आमचा पोरगा, ही सून, दोघंही हेवी चालवतात. सुनेचं आधी सांगतात. दूधवाल्यालाही सांगून झालंय.

आबा बरे आहेत. बीपीची गोळी घेतात. गाडी विकली त्याला चार वर्षं झाली, तरी पहाटे साडेतीनला उठून बसतात. गेल्या महिन्यात बाळू मिस्त्रीबरोबर नवी गाडी बघून आले. ऑक्टोबरपासून नव्या ट्रकला एसीची केबिन सक्तीची झालीय. म्हणाले, "सुमे, आत बसलो, गार वाटलं. ह्याच्यात तर झोप आणखी लागेल की." मग माझ्याकडं बघून गप्प झाले.

आता कामाचं. घड्याळ मी ओंकारकडनं समजून घेतलंय. तुझे पहाटेचे तीन म्हणजे आमचे दुपारचे दीड. ओंटारिओ सोडून कॅलगरीपाशी पोचलात की आमचे साडेतीन. दुपारी माझी भांडी झालेली असतात, आबा आडवे झालेले असतात, मी मोकळीच असते. कानात ते लावून फोन कर. भांडायला कर, काहीही कर. आकडे वाच, मी बेरीज सांगते.

वावाच्या पुढं मैलोन् मैल रेंज नसते, हे हरप्रीतनं सांगितलंय. त्याचाही विचार केलाय. काल आणि आज मी ओंकारच्या मदतीनं व्हॉट्सॲपवर बोलून ठेवलंय. तीन झालेत. निघायच्या आधी उतरवून घे. पहिल्यात बाळू मिस्त्रीच्या नातीचं लग्न आहे, कोण आलं, कोण रुसलं, जेवणात काय होतं, सगळं सविस्तर, चाळीस मिनिटं. दुसऱ्यात आजीच्या ओव्या आहेत, मध्ये मध्ये विसरले तिथं तू आठव. तिसरा आबांचा आहे. मालवणची ती खेप, चेन तुटली ती. त्यांनी पहिल्यांदाच पूर्ण सांगितली आणि शेवटी येझदी सुरू करून आवाज ऐकवलाय. किक त्यांनीच मारली, पाचव्यांदा लागली.

ऐकता ऐकता डोळे जड झाले तर माझं बोलणं अर्ध्यात तोड, गाडी बाजूला लाव, आणि हरप्रीतला हाक मार. चौथा मी उद्या करते, आत्याच्या जमिनीचं काय झालं ते राहिलंय.

तुझी,
आई